रसमड्याचं दीपगृह

सत्यभामाबाईंनी चपला काढून बाजूला ठेवल्या, पातळाच्या निऱ्या सावरल्या आणि त्या काचेच्या पिंजऱ्यात शिरून मांडी घालून बसल्या.

घण उचलून उभा असलेला फकिरा जागीच थबकला. भंगार फोडण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. पण फोडायच्या वस्तूत एखादी बाई जाऊन बसेल, आणि तीही आपल्या इनचार्जसाहेबांची आई, असा प्रसंग त्याच्यावर कधी आला नव्हता. त्यानं घण हळूच खाली टेकवला.

"बाई, निघा तिथून. काच लागंल तुमाले."

"लागू दे," बाई म्हणाल्या आणि डब्याची पिशवी मांडीवर घेऊन त्यांनी पदर खोचला.

पिंजरा म्हणजे खरं तर पितळेचा मोठा सांगाडा होता, माणसाच्या डोक्याहून उंच. त्यात जाडजूड काच एकाबाहेर एक कडी लावावीत तशी बसवलेली. एका बाजूचा काचेचा भाग ट्रकमधून येतानाच गळून पडला होता. त्याच खिंडारातून बाई आत शिरल्या होत्या. शेजारी एक लोखंडी घुमट आडवा पडला होता आणि भोवती दुर्गजवळच्या रसमड्यातल्या त्या लोखंड वितळवणाऱ्या कारखान्याचं नेहमीचं भंगार. ट्रॅक्टरची चाकं, बोअरचे पाइप, बसच्या सांगाड्यांचे तुकडे. सगळं आज ना उद्या भट्टीत जाणारं. काचेमुळे बाहेरून पाहणाऱ्याला बाई धड दिसत नव्हत्या. एका बाजूनं त्यांचा नुसता एक भलामोठा कान दिसे, तर दुसऱ्या बाजूनं त्या उलट्या बसलेल्या दिसत. हसावं की घाबरावं, मजुरांना कळेना.

रूपेश वजनकाट्याकडून धावतच आला. यार्डातलं भंगार उतरवणं, निवडणं आणि भट्टीकडे पाठवणं त्याच्या हाताखाली चाले. नोकरी चांगली होती, मालक सेठजी माणूस म्हणून बरे होते, आणि आजवर त्यानं त्यांना तक्रारीला जागा दिली नव्हती. आईला आत बसलेली पाहून त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"आई, तू कावून असं करून राहिली? सेठजी येऊनच राहिले."

"येऊ दे. त्यायलेच सांगाचं हाय मले. हा रेल्वेचा दिवा हाय. याले घण लावता येत नाही."

ही सगळी भानगड आदल्या दिवशी सुरू झाली होती. विश्वकर्मा पूजेचा दिवस. भिलाई-दुर्गकडे हा दिवस म्हणजे कारखान्यांची दिवाळी. एरवी गेटच्या आत चिटपाखरू सोडत नाहीत, पण त्या दिवशी कामगारांची बायका-मुलं नवे कपडे घालून आत येतात, भट्टी लांबून पाहतात, बुंदी खातात, क्रेनपुढे उभं राहून फोटो काढतात. त्या दिवशी लोखंड म्हणून जे जे असेल त्याला हळदीकुंकू लागतं. या पिंजऱ्यालाही कोणीतरी कुंकू लावून, झेंडूची माळ घालून, वर लाल चुनरी बांधली होती. समुद्राच्या काठावरचा लिलावातला माल आहे, एवढंच ट्रकवाला सांगून गेला होता. भंगाराला कुळगोत्र कोण विचारतं?

सून ममतेबरोबर यार्ड पाहत हिंडताना सत्यभामाबाई त्या पिंजऱ्यापाशी आल्या आणि उभ्याच राहिल्या. त्यांनी काचेवरून हात फिरवला. एक कडं, दुसरं कडं, तिसरं. ममता पुढे गेली, परत आली, हाका मारून दमली. बाईंचा हात काचेवरून निघेना.

त्यांचे यजमान दौलतराव रेल्वेत लॅम्पमन होते. डोंगरगडच्या अलीकडच्या एका लहान स्टेशनात बाईंनी संसार मांडला तेव्हा सिग्नलला लोखंडी हात असत आणि त्या हातामागे रॉकेलचा दिवा लावावा लागे. रोज संध्याकाळी दौलतराव पेटते दिवे घेऊन निघत, खांबावर चढत, दिवा बसवून उतरत आणि पुढच्या खांबाकडे चालू लागत. दिवे पुसायची जागा खरं तर स्टेशनातली लॅम्परूम; पण ती चार पावलांवर, आणि पुसण्याचं काम बाईंच्या हातचं चांगलं होई, म्हणून काचा गुपचूप घरी येत. चुलीतली चाळलेली राख आणि जुन्या धोतराचा मऊ तुकडा. त्या भिंगांना अशीच कडी असत, एकाबाहेर एक. काजळी नेमकी कड्यांच्या खाचेत बसायची. नवी नवरी असताना बाईंनी त्या खाचा नखानं साफ केल्या होत्या आणि नखं काळी म्हणून माहेरी बोलणी खाल्ली होती.

घरात दौलतरावांचा एकच कायदा होता आणि तो रेल्वेचाच होता. लाल दिसला की आधी थांबायचं. कोणी दाखवला, कशाला दाखवला, ते मग विचारायचं. पोरं भांडायला लागली की बाई दारात लाल टॉवेल वाळत घालत, आणि पोरं खरंच गप्प होत. पुढे विजेचे सिग्नल आले. दिवे एका वॅगनमध्ये भरून भंगारात गेले. दौलतराव त्या दिवशी वॅगन भरेपर्यंत फलाटावर उभे होते. घरी येऊन जेवले, हात धुतले आणि झोपले. त्या विषयावर पुढे मरेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.

तर अशा बाईला काल यार्डात ते भिंग दिसलं, तेव्हा तिला दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. एवढा मोठा दिवा कुठल्या सिग्नलचा, कुठल्या गाडीसाठी, असा प्रश्नसुद्धा त्यांना पडला नाही. मोठ्या जंक्शनला मोठा दिवा लागत असेल, असं त्यांनी स्वतःशीच ठरवून टाकलं. याचं आता काय करणार, असं त्यांनी रूपेशला विचारलं. त्यानं बुंदी खाता खाता सांगितलं की सकाळी काच फोडायची, पितळ वेगळं काढून विकायचं आणि घुमट भट्टीत घालायचा. बाईंनी हातातला प्रसाद तसाच ठेवून दिला. आणि आज सकाळी, रूपेश डबा विसरला या निमित्तानं, खरं म्हणजे डबा त्यांनीच लपवला होता, त्या दुर्गमधल्या मोहन नगरातल्या घरून ऑटो करून थेट इथं आल्या.

सेठजी आले. त्यांनी काचेतून बाईंचा भलामोठा कान पाहिला, मग खिंडारापाशी येऊन आख्ख्या बाई पाहिल्या, आणि नम्रपणे विचारलं की काय झालं. बाईंनी तेच सांगितलं, रेल्वेचा दिवा आहे. आणि सेठजींचा चेहरा उतरला. दुर्गच्या लाइनीवर भंगाराचा धंदा करणाऱ्या माणसाला दुसऱ्या कशाची नसेल एवढी धास्ती या एका गोष्टीची असते. यार्डात रेल्वेचा एक नटबोल्ट सापडला, तरी चोरीचा माल म्हणून माणूस तुरुंगात जातो. त्यांनी फकिराला घण लांब ठेवायला सांगितलं आणि रूपेशला म्हणाले की यातलं कळणारा कोणी असेल तर आत्ता बोलाव.

रूपेशनं बाबारावांना फोन लावला. बाबाराव रेल्वेचे निवृत्त सिग्नल इन्स्पेक्टर. मोहन नगरातच राहायचे, दौलतरावांच्या हयातीत रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसायचे. ते स्कूटरवरून आले आणि हेल्मेट न काढताच दिव्याभोवती फिरू लागले. बाईंचा जीव भांड्यात पडला. आपल्या बाजूचा माणूस आला, आता हा सगळ्यांची तोंडं बंद करील, अशा थाटात त्या ताठ बसल्या.

बाबारावांनी काच टिचक्या मारून पाहिली. खाली वाकून बुडाशी असलेली लहान लहान चाकं पाहिली. पितळेवर कोरलेली, झिजलेली अक्षरं चष्मा लावून वाचली. मग हेल्मेट काढून ते खिंडारासमोर उकिडवे बसले. बाई त्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या.

"वहिनी, हा आपला नाही."

मग त्यांनी सगळ्यांनाच समजावून सांगितलं. हा दीपगृहाचा दिवा. समुद्रकाठी उंच मनोरा असतो, त्याच्या डोक्यावर हा बसतो. तो लोखंडी घुमट म्हणजे त्याचं छप्पर. आत ज्योत लावायची आणि ही भिंगं चाकांवर फिरवायची, म्हणजे उजेड कोसावर जातो. रात्री बोटीवरच्या माणसाला तो दिसला की खडक कुठं आणि बंदर कुठं हे कळतं. जगन्नाथाच्या यात्रेला गेले असताना बाबारावांनी असा एक मनोरा चढून पाहिला होता. एखादं जुनं बंदर गाळानं भरून जातं, बोटी यायच्या बंद होतात. मनोरा पाडतात आणि दिवा असा लिलावात निघतो. या दिव्याचंही तसंच काही झालं असणार.

सकाळपासून रेल्वे रेल्वे करून बाईंनी यार्ड डोक्यावर घेतलं होतं. आता त्यांना कोणाकडे पाहवेना. एवढ्या माणसांत, आणि लेकाच्या मालकासमोर, त्या खोट्या पडल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली आणि चुनरीशी चाळा करत राहिल्या. आत शिरताना वर बांधलेली ती चुनरी पायदळी येऊ नये म्हणून त्यांनीच सोडून घडी करून मांडीवर घेतली होती.

सेठजींनी मोठा श्वास सोडला. ते रागावले नाहीत.

"तो अम्मा, रेलवे का तो नहीं निकला. अब उठ जाओ."

फकिरानं पुन्हा घणाकडे हात नेला. बाई उठल्या नाहीत. त्यांनी बाबारावांना विचारलं,

"हा लावे कोण?"

"माणूस असे तिथं. रोज संध्याकाळी वर चढाचं, तेल भराचं, वात कापाची, काच पुसाची."

"अन् त्याची बायको?"

मनोरा बाबारावांनी पाहिला होता, पण तिथल्या माणसाच्या बायकोची चौकशी काही त्यांनी केली नव्हती. बाईंनी हात लांब करून पितळेचं एक लहानसं दार दाखवलं. आतली ज्योत लावायला उघडत असतील ते. दाराच्या कडेला एक खळगा पडला होता, गुळगुळीत, अंगठ्याएवढा. रोज एकाच जागी अंगठा लागून पितळ तेवढंच झिजलं होतं. बाईंनी तिथं आपला अंगठा ठेवला. दौलतरावांच्या दिव्यालाही असाच खळगा होता; वॅगनमध्ये गेला तेव्हा त्याच्यासकट गेला.

"आता कळलं मले कोणाच्या घरचा हाय ते," बाई म्हणाल्या. "बोटीचा असो का गाडीचा. मी नाही उठत."

रूपेश कासावीस झाला. सेठजी ऐकत होते, मजूर ऐकत होते. तो खिंडाराशी वाकून हलक्या आवाजात बोलू लागला.

"आई, इथं सगळंच वितळते. बाबाचे दिवेबी असेच वितळले असतीन, त्याचेच रूळ झाले असतीन. आपलं पोट याच्यावरच चालते ना."

यात खोटं काहीच नव्हतं. भिलाईच्या आसपास जन्म काढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. जुनं लोखंड आत जातं, नवं बाहेर येतं, आणि त्यावर लाखभर चुली पेटतात. सत्यभामाबाईंनाही ते मान्य होतं. पण मान्य असणं निराळं आणि उठणं निराळं.

"तुहा बाप तवा चूप राहिला," त्या म्हणाल्या. "तो चूप राहिला म्हणून मी चूप राहिली. आता तो नाही."

बाबारावांनी मग सेठजींना बाजूला नेऊन आपल्या परीनं रदबदली केली. दीपगृहांचं सरकारी खातं असतं, जुने दिवे जपून ठेवणारी माणसं असतात. त्यांना शोधतो, कळवतो, थोडी सवड द्या. सेठजींचं म्हणणंही सरळ होतं. माल लिलावात रीतसर घेतलेला. पितळेचं गिऱ्हाईक उद्या सकाळी येणार. खात्याच्या साहेबानं ठेवा म्हटलं तर ते एका पायावर ठेवतील. पण कोणी साहेब येईल की नाही याचाच पत्ता नाही, मग कोणाच्या भरवशावर थांबायचं? आजच्यापुरता थांबतो, पण दिवस मावळला की घण चालणार, असं त्यांनी सांगितलं. आणि जाता जाता रूपेशच्या खांद्यावर हात ठेवून अगदी शांतपणे हेही सांगितलं की तोवर आई उठली नाही, तर उद्यापासून तूही येऊ नकोस.

बाईंनी ते ऐकलं. लेकाची नोकरी म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. यार्डाच्या मागच्या बाजूला कुंपणाची भिंत पडलेली होती, तिथं नुसत्या तारा होत्या, आणि तारांपलीकडून राजनांदगावकडची रेल्वेलाइन वळण घेऊन येत होती. एक मालगाडी आली, रांगत रांगत गेली. बाईंनी तिचा शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत पाहिलं. मग बाबारावांना सहज विचारलं की संध्याकाळी इकडून काय येतं. बाबाराव निवृत्त झाले तरी सिग्नलचेच माणूस. त्यांना हा विषय म्हणजे पेढ्यासारखा. दिवेलागणीला पॅसेंजर पुढे काढतात, तिच्यामागे कोळशाची मालगाडी असते, आणि तिला पुढे जागा नसते म्हणून ती या वळणावर माणसाच्या चालीनं येते, असं त्यांनी खुलवून सांगितलं. बाईंनी मान डोलावली.

मग त्यांनी सेठजींना बोलावणं पाठवलं आणि म्हणाल्या की उठते, पण एका अटीवर. फोडायच्या आधी हा दिवा एकदा लावून दाखवा. अंधार पडू लागला की लावा, मला डोळे भरून पाहू द्या, मग मी माझ्या वाटेनं जाते.

एवढीच अट ऐकून सेठजी खुलले. त्यांनाही मनातून उत्सुकता होतीच. त्यांनी होकार दिला तशा बाई त्याच क्षणी बाहेर आल्या, नळावर हात धुऊन त्यांनी डबा उघडला आणि फकिराला बळेच दोन घास खायला लावले. रूपेशला हायसं वाटलं आणि थोडं चुकल्यासारखंही. आई इतक्या लवकर ऐकत नसते, हा त्याचा जन्मभराचा अनुभव होता. लहानपणी ती अशी गोड बोलली की गुळात कडू गोळी ठरलेली असायची.

संध्याकाळी सगळे पिंजऱ्याभोवती जमले. रूपेशनं वायर ओढून आणली आणि आत लोखंडी स्टुलावर मोठा हॅलोजन बसवला. बुडाची चाकं गंजून घट्ट झाली होती. फकिरानं त्यात तेल सोडलं, दोघांनी खांदा लावला. आधी काहीच होईना. मग कुईं असा आवाज झाला आणि एवढा मोठा सांगाडा एका हातानं फिरू लागला. जमिनीवर ठेवलेला, एक डोळा गमावलेला, तरी फिरू लागला. रूपेशनं बटण दाबलं.

हॅलोजन यार्डात रोजच लागायचे, पण त्यांचा उजेड पायापुरता. हा उजेड उठून चालू लागला. भंगाराच्या ढिगावरून गेला, भट्टीच्या शेडवरून गेला, माणसांच्या चेहऱ्यांवरून गेला, रस्त्यावर गेला आणि लांबचा एक ट्रक हॉर्न वाजवत थांबला. पुन्हा फिरून आला. सेठजींनी व्हिडिओ घ्यायला मोबाइल काढला होता, तो त्यांच्या हातात तसाच राहिला. फकिरानं हात जोडले. सत्यभामाबाईंना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. कुठल्या बंदरातला, कुठल्या बोटींनी पाहिलेला तो उजेड, समुद्र कधी न पाहिलेल्या माणसांच्या अंगावरून जात होता.

"थांबवा," बाई डोळे पुसून म्हणाल्या. "थोडा तिकडं करा. लाइनीकडं."

रूपेशनं तो तसा वळवून थांबवला. उजेड तारांमधून पलीकडे गेला, रूळ चकाकले, वळणापर्यंतची खडी दिसू लागली. पॅसेंजर नुकतीच गेली होती. वळणाच्या मागून मालगाडीचा हॉर्न ऐकू आला.

सत्यभामाबाईंनी काखेतली पिशवी उघडली, कालची लाल चुनरी काढली, तिची घडी मोडली आणि देवीला नेसवावी तशी ती मोठ्या भिंगावर पसरली. रूळ लाल झाले.

सगळ्यांत आधी कळलं ते बाबारावांना. त्यांनी उभी हयात यातच घालवली होती. त्यांचा हात चुनरी ओढायला पुढे झाला. तो हात हवेत थांबला. मग बाबारावांनी तो मागे घेतला आणि पँटच्या खिशात घातला.

इंजिन वळणावर दिसलं. ब्रेकचा आवाज सुरू झाला, डब्यांचे धक्के एकामागून एक मागे गेले आणि ती सबंध कोळशाची गाडी तारांपलीकडे येऊन उभी राहिली.

सेठजी एकदा गाडीकडे, एकदा दिव्याकडे पाहू लागले. बाबारावांनीच त्यांना समजावलं, अगदी हळू आवाजात, दुखणाइताला सांगतात तसं.

"गाड़ी खड़ी हो गई, सेठजी. अब रेलवे की पुलिस आएगी, पंचनामा होगा. यह बत्ती जब्त. जब तक केस चलेगा, इसको कोई हाथ नहीं लगा सकता."

"और उसके बाद?"

"उसके पहले मैं लाइटहाउस वालों को ढूँढ लूँगा."

इंजिनाकडून दोन टॉर्च खाली उतरले आणि तारांच्या दिशेनं येऊ लागले. सेठजींचा आवाज पहिल्यांदाच चढला. हे कोणी केलं, त्यांनी विचारलं. बटण रूपेशच्या हाताशी होतं. ते दाबून उजेड घालवला असता, चुनरी ओढून घेतली असती, तर कदाचित अजूनही सारवासारव करता आली असती. रूपेशनं बटणावरचा हात काढला. तो आईच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"बत्ती मैंने जोड़ी है, सेठजी."

"अन् कपडा मीनं टाकला," सत्यभामाबाई म्हणाल्या. "त्यायले तसंच सांगा."

त्या चपला शोधू लागल्या. सकाळी जिथं काढल्या तिथं त्या नव्हत्या. फकिरानं त्या केव्हाच उचलून एका बाजूला नीट मांडून ठेवल्या होत्या. त्यानं त्या बाईंच्या पायाशी आणून ठेवल्या. बाबारावांचा आधार घेऊन बाईंनी एकेक पाय आत घातला.

"आता तर झाला ना हा रेल्वेचा?" त्या बाबारावांना म्हणाल्या. "सकाळपासून तेच सांगत होती मी."

आणि पदर सारखा करून त्या टॉर्चच्या दिशेनं चालू लागल्या.